गोळी तिने घ्यायची, आणि तारीखही तिनेच लक्षात ठेवायची?

पायवाट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात बायकोला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. पाळी बारा दिवस लांबली, मग आली ती थांबेना. चक्कर येत होती तिला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय वापरता तुम्ही?" बायको आधी गप्प. मग म्हणाली, "मेडिकलमधून गोळी घेते." रोजची की संबंधानंतर घ्यायची बहात्तर तासांची? बहात्तर तासांची. किती वेळा? दोन महिन्यांत चार वेळा.

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. चारपैकी दोनदा ती गोळी मीच आणून दिली होती. उरलेल्या दोन वेळा तिने ऑफिसमधून येताना स्वतः घेतली, हे मला तिथे कळलं. डॉक्टरबाई मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याआधीची पाळी कधी आली होती?" मला सांगता आलं नाही. महिनासुद्धा नीट आठवेना.

मी विसराळू नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या गेली चार वर्षं मीच आणतो, संपायच्या तीन दिवस आधी. म्हणून ते फार लागलं.

लग्नाला चौदा महिने झाले. दोन वर्षं मूल नको असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी म्हणालो, "इतक्यात नको," आणि ती हो म्हणाली. पुढचं सगळं आपोआप तिच्याकडे गेलं. सुरुवातीला निरोध आणायचो. मग एकदा संपला, आणायचं राहिलं, आणि नंतर राहूनच गेलं. मला ते आवडत नव्हतं हेही खरं आहे, लपवत नाही. ती कधी तक्रार करायची नाही. मी ते तिच्या संमतीसारखं धरून चाललो.

परवा जुने रूमपार्टनर भेटले, त्यांच्याकडे विषय काढला. चौघांपैकी दोघांची लग्नं झालीत. एकाने सांगितलं, "तिचं तिला कळतं रे, आपण त्यात कशाला पडायचं?" दुसरा म्हणाला, "पोट तिचं आहे, तर काळजी तिलाच जास्त असणार." वाईट पोरं नाहीत ही. यातल्याच एकाने बहिणीच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता जाऊन रक्त दिलंय. पण हा प्रश्न आपलाही आहे असं त्यांच्या मनाला शिवलेलं नाही. चौदा महिने माझ्याही शिवलं नव्हतं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पुरुषांना विचारलं होतं की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची चिंता करायची गरज नाही, हे पटतं का? सुमारे ३५ टक्के हो म्हणाले. म्हणजे तिघांतला एक. आमच्या त्या खोलीत तर सगळेच होते, मला धरून.

तुम्ही घरात हे कसं करता? पुरुषांनी लिहावं ही खास विनंती. बायकांनीही लिहा, कारण आम्हाला काय दिसत नाही ते तुम्हालाच माहीत आहे.

जाईजुई

पायवाट, हे लिहिलंत ते बरं केलंत.

माझं नसबंदीचं ऑपरेशन दुसऱ्या बाळंतपणानंतर झालं. वय २६. कुणी विचारलंच नाही की दोघांपैकी कोण करणार. सासूबाईंनी पंचमीचा मुहूर्त टाळून दिवस ठरवला, आईला बोलावून घेतलं, नवरा गाडी घेऊन आला. सगळे प्रेमानेच वागले, कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. पण महिनाभर खाली बसून भाकरी करताना पोटात कळ यायची, तेव्हा वाटायचं की याचं ऑपरेशन तर त्याच्या सुट्टीच्या एका शनिवारी झालं असतं.

एकदा धीर करून बोलले. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्याला राबायचंय, त्याला नको." मी घरात, शेतात आणि पतसंस्थेत, तिन्ही ठिकाणी राबत होते तेव्हा. नवरा काहीच बोलला नाही. ती गप्प बसण्याची आठवण मला ऑपरेशनपेक्षा जास्त आहे.

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा : देशात लग्न झालेल्या बायकांमध्ये स्वतःची नसबंदी केलेल्या जवळपास ३८ टक्के, आणि नवऱ्याने केली असं सांगणाऱ्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर निम्म्याच्या आसपास बायकांची झालेली आहे.

शिरपूरकर

मी वेगळं लिहितो, राग नसावा.

आमच्याकडे पुरुषाने ऑपरेशन केलं की गावात नाव खराब होतं. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण पारावर विषय निघतो. माझ्या चुलत्याने ८० च्या सुमारास केलं होतं. त्याला नंतर कंबरदुखी सुरू झाली, मरेपर्यंत तेच कारण सांगायचा. शेतात पोती उचलणाऱ्या माणसाला ही भीती असते, ती उगाच नसते. अंग गेलं तर घर बसलं.

निरोधाचं म्हणाल तर गावात एकच मेडिकल. दुकानदार शाळेत माझ्या वर्गात होता. मी काय मागितलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार. शहरातल्या लोकांना हे सोपं वाटतं.

मला दोन मुली आहेत. दोन्ही सिझर. दुसऱ्या वेळी त्यातच बायकोचं ऑपरेशन करून टाका म्हणालो होतो, पण रक्त फार कमी होतं म्हणून डॉक्टरांनी नाही केलं. आता ते करायचं राहिलंय.

हिरडा

मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मिळून २९ वर्षं काढली. शिरपूरकर, तुमच्या चुलत्यासारखे अनेक जण माझ्यापुढे बसलेत, त्यामुळे तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण नीट समजून घ्या.

पुरुष नसबंदीत वृषणाला हात लागत नाही. तिथून शुक्रजंतू वर नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, त्या बंद करतात. हल्लीच्या पद्धतीत कापावं लागत नाही. जागा बधिर करून एक छोटं छिद्र, पंधरा-वीस मिनिटं, टाका नाही, त्याच दिवशी घरी. ही पद्धत ली शुनचियांग नावाच्या चिनी डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढली, आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात आली. ताकद, दाढी-मिशी, इच्छा हे सगळं ज्या संप्रेरकावर चालतं ते वृषणातून थेट रक्तात जातं. त्या नळीतून ते जातच नाही, मग नळी बंद केल्याने ते कमी कसं होईल? वीर्यात शुक्रजंतूंचा वाटाही इतका थोडा असतो की बाहेर पडण्यात फरक कळत नाही.

त्रास कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. काही दिवस सूज येते, काळंनिळं होतं, क्वचित जंतुसंसर्ग होतो. थोड्या पुरुषांना दुखणं लांबतं. पण बायकांच्या ऑपरेशनात पोट उघडतात किंवा दुर्बीण आत घालतात, धोका तिथे जास्त असतो. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात ८३ बायकांची ऑपरेशनं एका दिवसात उरकली, त्यातल्या १३ जणी गेल्या. त्या बातमीनंतर मी स्वतः कितीतरी दिवस नीट झोपलो नाही. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली.

आणि तुमच्या पत्नीचं दोनदा पोट उघडलंय, रक्त कमी होतं. तिसऱ्यांदा तिलाच टेबलावर घ्यायचं का, याचा विचार तुम्ही करा. मी सल्ला देत नाही, विचार करा एवढंच म्हणतो.

मेडिकलवाल्याची अडचण मला मान्य आहे. उपकेंद्रात निरोध फुकट मिळतो, आशाताईंकडेही असतो. त्या बाई असल्यामुळे पुरुष मागत नाहीत, बायकोला पाठवतात. तिथेही ओझं पुन्हा तिच्याकडेच.

वाडीवरचे_गुरुजी

माझं वय ७४. हा धागा वाचून गप्प बसवेना.

मी १९७४ साली शिक्षक म्हणून लागलो आणि दोन वर्षांत आम्हाला 'केसेस', म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणायला सांगितलं गेलं. आणीबाणी होती. पगार अडकेल, बदली होईल अशी भीती घालायचे. मी तीन माणसं नेली. एक होता गावाबाहेरच्या वस्तीवरचा, त्याला एकच मूल होतं. त्याला नेमकं काय होणार आहे ते मी सांगितलं नव्हतं. नोकरी टिकली माझी. तो माणूस पुढे बाजारात दिसला की मी रस्ता बदलायचो.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राने तर सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर करून घेतला होता, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो आला नाही. पुढच्या वर्षी देशाचा सगळा आकडा दहा लाखांच्याही खाली घसरला, आणि त्यात मग बायकाच जास्त.

तरुण पोरांना हे माहीत नसतं, पण त्याआधी पुरुष मोठ्या संख्येने ऑपरेशन करून घेत. १९७१ साली केरळात एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुषांनी करून घेतलं होतं. तिथे पैसे, धान्य, कपडे असं आमिष होतं हेही खरं. पण 'पुरुष कधी करणारच नाहीत' ही काही पूर्वापार चालत आलेली गोष्ट नाही. सक्तीने तो रस्ता बुजवला, आणि बुजवणाऱ्यांत माझाही हात होता. शिरपूरकरांच्या पारावर जे बोललं जातं त्याचं मूळ तिथेही आहे.

पायवाट

गुरुजी, हे इथे लिहिलंत त्याबद्दल आभार. माझे आजोबा 'नसबंदी' हा शब्द निघाला की उठून जायचे. कारण कधी विचारलं नाही आम्ही.

तिठा

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, आणि ती धागाकर्त्याच्या विरोधात नाही.

'पुरुषांनी सहभागी व्हावं' म्हटलं की मला धाकधूक होते. माझ्या पहिल्या लग्नात नवरा फार 'सहभागी' होता. पाळीची तारीख कॅलेंडरवर तो लिहायचा. तांबी बसवायला गेले तर त्याने नको म्हटलं. शेवटी मी त्याच्या नकळत 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यायला लागले. तीन महिन्यांतून एकदा माहेरी जायचं निमित्त काढायचं. ती सुई मला त्या घरात एकमेव मोकळी गोष्ट वाटायची.

नंतर दिवस गेले (इंजेक्शन चुकलं होतं), तर एका दवाखान्यात म्हणाले, नवऱ्याची सही आणा. कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इथल्या प्रत्येकीला माहीत असावं म्हणून लिहितेय. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत समान धरलं.

तर पायवाट, तारीख लक्षात ठेवा, जरूर ठेवा. पण काय वापरायचं याचा शेवटचा शब्द तिचा असू दे. आणि वहीत तिची तारीख लिहिण्यापेक्षा तुमच्या शरीराचं तुम्ही काय करणार ते आधी सांगा. निरोध तुमचा, नसबंदी तुमची, तपासणी तुमची. तिथे कुणी तुम्हाला अडवलेलं नाही.

पायवाट

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी खरंच फोनमध्ये तिच्या पाळीचं अ‍ॅप टाकून घेतलं होतं, तिला न विचारता. आज तिला दाखवलं. ती म्हणाली, "राहू दे, पण विचारायचं होतंस." बरोबर आहे तिचं.

समास

थोडं जुनं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. प्राध्यापकी गेली, खटले झाले, लोकांनी वाळीत टाकल्यासारखं केलं. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती, याचा उल्लेख फार कमी होतो. ज्या काळात हा विषय काढणं म्हणजे अश्लीलता मानली जायची, त्या काळात एका मराठी माणसाने आधी स्वतःवर घेतलं. शंभर वर्षांनंतर आपण मेडिकलवाल्याला काय वाटेल यावर अडलोय याचं मला वाईट वाटतं.

आपल्याच मातीतला आणखी एक दाखला. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १०८१ तरुण जोडप्यांवर एक अभ्यास झाला, निकाल २०१६ मध्ये आला. गावातल्या आरोग्यसेवकांनी आधी नवऱ्यांशी वेगळं बोलायचं, मग दोघांशी एकत्र. जेमतेम तीन बैठका. पुढच्या दीड वर्षात पाहिलं तर त्या घरांत या विषयावर बोलणं वाढलं होतं, साधनं वापरणं वाढलं होतं, आणि नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती कमी झाली होती. शिरपूरकर म्हणतात ते खेडं आणि हे खेडं फार वेगळं नसावं.

काठावरचा

मी २१ वर्षांचा आहे, संभाजीनगरला हॉस्टेलवर राहतो. इथे सगळे लग्न झालेले बोलताहेत, पण आमचं काय?

आम्ही दोघं दीड वर्ष एकत्र आहोत. मी दुकानात गेलो, पुढे दोन काकू उभ्या होत्या, मी क्रोसिन घेऊन परत आलो. दोनदा असं झालं. शेवटी तिनेच आणलं. तिच्याकडे दुकानदार ज्या नजरेने बघत होता ते तिने मला सांगितलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. मुलाने घेतलं तर फार तर हसतात. मुलीकडे तसं बघतात.

मागच्या आठवड्यात निरोध फाटला. तिने बहात्तर तासांच्या आत गोळी घेतली. पण मला आणखी एक भीती आहे. तिच्या आधी माझा एकदा संबंध आला होता, तेव्हा काही वापरलं नव्हतं. तिला हे माहीत नाही. तपासणी कुठे करतात? घरी कळतं का?

हिरडा

बाळा, तू विचारलंस हे चांगलं केलंस. घाबरू नकोस.

सरकारी रुग्णालयात आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात, निकाल तुलाच सांगतात. तुझ्या संमतीशिवाय तो कुणाला सांगायचा नाही असा २०१७ चा कायदा आहे. १०९७ या क्रमांकावर फोन करून जवळचं केंद्र विचार. त्या संबंधाला तीन महिने होऊन गेले असतील तर या तपासणीतून स्पष्ट कळतं. त्याच रुग्णालयात गुप्तरोगाचीही तपासणी करून घे. गरमी, परमा हे आजार औषधाने बरे होतात, पण अंगावर काढले तर जोडीदाराला जातात आणि तिच्या पिशवीपर्यंत पोचतात. रस्त्याकडेच्या तंबूत औषध देणाऱ्यांकडे जाऊ नकोस.

गोळीनंतर तिची पाळी थोडी पुढेमागे होऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा. ती गोळी अडचणीपुरती आहे, गुप्तरोगापासून ती काहीच वाचवत नाही. पायवाट, हे तुमच्यासाठीही.

आता निरोध का फाटला? खोबरेल तेल लावलं होतं का? तेलाने ते रबर विरतं, हे फार मुलांना माहीत नसतं. पाकिटात महिनोन् महिने ठेवलेला असेल, तारीख उलटलेली असेल, टोकाला हवा राहिली असेल, तरी फाटतो. एकावर एक दोन घातले तर फाटण्याची शक्यता वाढते.

आणि तिला सांग. तपासणीला जाण्याआधी सांगितलंस तर जास्त बरं.

शिरपूरकर

त्या पोराला डॉक्टरांनी सांगितलं ते मला २५ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खोबरेल तेलाचं मला आज कळलं.

पुरुषांसाठी गोळी किंवा इंजेक्शन येणार असं ऐकतो, ते खरं का?

हिरडा

आयआयटी खरगपूरचे डॉ. सुजय गुहा यांनी अनेक दशकं खपून एक इंजेक्शन विकसित केलं आहे, 'रिसग' नावाचं. त्या नळीत एक औषध सोडतात, शुक्रजंतू तिथून जाताना निकामी होतात. ३०३ पुरुषांवरच्या सात वर्षांच्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये छापून आला, परिणाम ९९ टक्क्यांच्या वर. पण ते अजून तुमच्या-माझ्या दवाखान्यात आलेलं नाही. ते येईपर्यंत तुमच्या पत्नीने थांबायचं का?

जाईजुई

डॉक्टर, नसबंदीला बायकोची सही लागते का? आणि लग्न न झालेल्यांना करता येते का?

हिरडा

कायद्याने जोडीदाराची सही लागत नाही, दोघांनाही नाही. बोलून करावं हे वेगळं. सरकारी योजनेत लग्न झालेलं असावं लागतं, किमान एक मूल वर्षावरचं, आणि पुरुष साठीच्या आतला. नळी परत जोडायचं ऑपरेशन असतं, पण मूल होईलच याची खात्री नसते. मन पक्कं झाल्याशिवाय करू नये. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा तालुक्याला सोय जास्त असते. एरवीही होते.

पायवाट

आमचं सांगतो. दोघं मिळून पुन्हा त्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. रोजची गोळी तिला नकोय, मायग्रेन आहे. तांबीचा विचार करतेय, अजून ठरलं नाही. तोवर निरोध, आणि तो आणायचं काम माझं. कपाटात माझ्या बाजूच्या खणात ठेवतो. नसला तर नाही, हे मी तिला स्वतःहून सांगितलं. तिने विचारलं, "नक्की ना?" ते दोन शब्द ती चौदा महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

रूमपार्टनरांच्या ग्रुपवर हा धागा टाकलाय. तिघांनी वाचला. एकाने रात्री फोन केला, बराच वेळ बोललो.

काठावरचा

तिला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. आज म्हणाली, मीही येते तपासायला. सोमवारी जातोय.

शिरपूरकर

डॉक्टर, एक विचारायचं होतं. ऑपरेशननंतर ट्रॅक्टर किती दिवसांनी चालवता येतो? गहू पेरायचाय.

हिरडा

दोन दिवस पूर्ण आराम, घट्ट लंगोट किंवा सपोर्टर बांधून. हलकं काम नंतर चालतं. सायकल, ट्रॅक्टर, पोती उचलणं हे सात दिवसांनी, तेही दुखत नसेल तर. आणि लगेच मोकळं झालो असं समजू नका. नळीत आधीचे शुक्रजंतू असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच. मग वीर्याची तपासणी. शून्य असा रिपोर्ट हातात आला की मगच सोडायचा. निरोध आशाताईंकडून स्वतः जाऊन आणा.

शिरपूरकर

बरं. घरी म्हातारीला अजून सांगितलं नाही. बायकोला काल सांगितलं. ती म्हणाली, मी येईन बरोबर, डबा घेऊन.